शाळेच्या वेबसाइटला एकच चेहरा? छे, छे!

संस्थेच्या बैठकीत ‘आपलीबी वेबसाइट पाहिजे की’ असा ठराव झाला असेल, तर अभिनंदन. आता आधी बोधचिन्ह शोधा. कपाटातल्या कुठल्यातरी जुन्या लेटरहेडवर ते असतंच. त्याचा मोबाइलवर तिरका फोटो काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, तिथून उतरवा, पुन्हा दुसऱ्याला पाठवा. असं दोन-चारदा झालं की मशाल कुठली आणि पुस्तक कुठलं हे हेडमास्तरांनाही सांगता येत नाही. कुणी शहाणा म्हणेल, डीटीपीवाल्याकडून एकदा एसव्हीजी फाइल करून घ्या, कितीही मोठी केली तरी फुटत नाही. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. चिन्हामागचा पांढरा चौकोन मात्र काढू नका. निळ्या पट्टीवर तो ठिगळासारखा उठून दिसतो. त्याशिवाय चिन्ह लावलंय हे संचालकांना कळणार कसं?

रंगाचं काम नाजूक. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, रंग नुसता रंग नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. भगवा घ्यावा तर ‘महाराष्ट्र एकीकरण समितीचा फलक वाटतोय’ म्हणणारा एक निघतो, लाल आणि पिवळा शेजारी आले की १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाची आठवण काढणारा दुसरा. दोघेही देणगीदार. तेव्हा दोन-तीन रंग ठरवून, त्यांचे सहा अक्षरी कोड कागदावर लिहून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक संचालकाला एकेक पान वाटून द्या. प्रवेशाचं पान जांभळं, एसएसएलसीच्या (म्हणजे दहावीच्या) निकालाचं पोपटी, स्नेहसंमेलनाचं गुलाबी. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं तर हवीतच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ : १ असावं असा जागतिक संकेत आहे खरा, पण तो ठरवणाऱ्यांना आपल्या अध्यक्षांचा पिवळ्याचा शौक कुठं माहीत होता?

आता अक्षरं. इथं खरी कला आहे. सूचना टाइप करताना डीटीपीचा जुना, युनिकोड नसलेला फॉन्टच वापरा. तो ज्याच्या कॉम्प्युटरवर नाही, त्याला ‘पालक सभा’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा दिसेल. पालक विचारायला शाळेत येतील, म्हणजे सभा आपोआप भरली. कुणी फारच ओरड केली तर सूचनेचा फोटो काढून तोच चिकटवा. मग ती सर्चमध्ये सापडत नाही आणि दृष्टिहीन पालकाचा मोबाइल ती वाचूनही दाखवत नाही, म्हणजे तक्रारीची शक्यता आणखी कमी.

आपल्याकडे एका पानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या-भाषांचा संसार. त्यांचं जमावं म्हणून नोटो सान्ससारखी फॉन्टची फुकट कुटुंबं आहेत. त्यात देवनागरी आणि कन्नड एकाच धाटणीची, एकाच वजनाची मिळतात. नको. मराठी लग्नपत्रिकेच्या वळणात, कन्नड बारीक आणि इंग्रजी सावली पडलेली, असं ठेवा. कुणाची भाषा ठळक दिसते यावर बैठकीत निदान दोन तास रंगतात, ती करमणूक एका फॉन्टपायी का घालवायची? आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे अशी नोंद करू नका. केली तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दाखवतात. सीमाभागात एवढी वर्षं मराठी टिकवलीय, दोन अक्षरांनी काय बिघडतंय!

गावाचं नावही मोकळं सोडा. सरकारी कागदावर २०१४ पासून बेळगावी आहे, म्हणून वर बेळगाव, तळाला बेळगावी आणि नकाशात जुनं बेलगाम. तिन्ही बाजू खूश, पोस्टमनचं तेवढं बघून घ्या.

हे सगळं जमलं की पासवर्ड साइट करून देणाऱ्या भाच्याकडेच राहू द्या. तो नोकरीला पुण्याला गेला की पुढची काळजी मिटली. गेल्या-च्या-गेल्या वर्षीच्या प्रवेशाच्या सूचनेपुढचं ‘नवीन’ लुकलुकत राहील. आणि कधी कुणी नवे चिटणीस आलेच आणि म्हणाले, ‘सर, हे सगळं एकसारखं करूया की,’ तर त्यांना लगेच उपसमितीचं अध्यक्ष करा.