गिधाडं कशी घालवावीत

बोडक्या मानेचा, कुबड काढून उंच झाडावर बसणारा तो पक्षी तुम्हाला कधीच आवडला नव्हता, हे एकदा मान्य करून टाका. घरावर बसला तर अपशकुन. भावकीत वाटणीवर टपलेल्याला नाव ठेवायचं तर त्याचंच, आणि पुढाऱ्याला शिवी द्यायची तरी तोच. टाकेदला जाऊन जटायूला हात जोडायचे आणि परतीच्या वाटेवर खराखुरा जटायू दिसला तर थुंकायचं, ही आपली जुनी रीत. तेव्हा गिधाडं घालवायची असं तुम्ही ठरवलंत तर कोणी नावं ठेवणार नाही. प्रश्न एवढाच, की पाप न लागता हे काम उरकायचं कसं? बंदूक, सापळा, विष असल्या भानगडीत पडू नका. वनखातं मागे लागतं. त्याहून सोपा मार्ग आहे. दया करा.

तुमचा बैल लंगडतोय. म्हशीच्या कासेला सूज आलीय, दूध आटलंय. मुक्या जनावराचे हाल बघवत नाहीत ना? मग मेडिकलमध्ये जा आणि डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणा. माणसांच्या गुडघेदुखीवरचं हे औषध १९९० च्या दशकात, पेटंट संपल्यावर, इतकं स्वस्त झालं की थेट गोठ्यात पोहोचलं. सुई टोचली की दुसऱ्या दिवशी बैल पाय टेकतो. मालक खूश, सुई टोचणाऱ्याचं नाव होतं, आणि बैलाचीही काही तक्रार नसते. आता सगळीच जनावरं वाचतात असं नाही. एखादं म्हातारं, आधीच जायला टेकलेलं असतं. ते सुई टोचल्यावर एक-दोन दिवसांत गेलं, की रिवाजाप्रमाणे ओढत नेऊन गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागी टाका. तुमचं काम संपलं. हातपाय धुवा आणि जेवायला बसा.

पुढचं गिधाडं स्वतःच बघतात, तुम्ही बोटसुद्धा उचलायचं नाही. थवा उतरतो, ढकलाढकली, फिसकारणं, पंखांची मारामारी, आणि तासाभरात बैलाचा सांगाडा. सडक्या मांसातले जे जंतू तुम्हाआम्हाला आडवं करतील, ते गिधाडाच्या पोटातल्या जहाल आम्लात खलास होतात. मढ्यात उरलेलं हे औषध मात्र त्याला पचत नाही. मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडेनासं होतं आणि काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसतो. मेलेलं गिधाड फाडून पाहणाऱ्यांना तो थर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. रोग हल्याला आणि औषध पखालीला, असं आपण हसून म्हणतो. इथे औषध हल्यालाच दिलं होतं, मेली पखाल.

‘मी एकटा अशी किती जनावरं टोचणार?’ अशी शंका मनात आणू नका. शंभर मढ्यांमागे एकात हे औषध असलं तरी पुष्कळ झालं, त्याहून कमीही पुरतं. एका मढ्यावर डझनांनी पंगत बसते. त्यात गिधाडाची जोडी वर्षाला अंडं घालते एक, आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. एवढी भांडवलाची तंगी असलेला पक्षी बुडवायला कितीसा जोर लागणार! पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ साली हजार होती असं धरलं, तर २००७ साली त्यातलं एक उरलं होतं. लांब चोचीच्यांचे शंभरातले तीन. जगात पक्ष्यांची इतकी झपाट्याने वाताहत क्वचितच झाली असेल, आणि ती आपण कोणाचं वाईट न चिंतता करून दाखवली.

तुमचं नाव बाहेर येईल ही भीतीही नको. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीतज्ज्ञ विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं, की गिधाडं माना टाकून बसतात आणि झाडावरून खाली पडतात. मग वर्षानुवर्षं शोध चालला: विषाणू असेल, कीटकनाशक असेल. २००४ साली लिंडसे ओक्स या पशुवैद्यक संशोधकाच्या चमूने पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासून डायक्लोफिनॅकवर बोट ठेवलं, तोवर पंगत उठली होती. गोठ्यातल्या बाटलीकडे बघायचं इतकी वर्षं कोणाला सुचलं नाही, कारण ती औषधाची होती.

आता मुद्द्याची गोष्ट. गिधाड गेलं, पण ढोरं मरायची थांबत नाहीत. पान वाढलेलं आहे आणि पाहुणा आलेला नाही, असं निसर्गात फार वेळ राहत नाही. कुत्री येतात. त्यांना मोकळेपणाने येऊ द्या. गिधाडं तासाभरात जे साफ करायची तिथे कुत्री आठवडा रेंगाळतात, निम्मं ओढून पांदीत नेतात, निम्मं तिथेच सडतं आणि पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. ओढ्याच्या काठी विहीर असतेच. एकट्यादुकट्याने त्या बाजूला जाऊन पाहा म्हणजे पटेल: गावातलं शेपूट हलवणारं कुत्रं वेगळं आणि मढ्यावर पोसलेली, दहा-बाराच्या टोळीने उभी राहणारी कुत्री वेगळी. तुम्ही वाट बदलता, ती बदलत नाहीत.

या आघाडीवर कामगिरी भरघोस आहे. गिधाडं गेल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री जास्तीची वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात ४७ हजारांहून जास्त माणसं रेबीजने जादा दगावली, असा अंदाज २००८ साली मांडला गेला. यात तुमचाही हातभार लागावा असं वाटत असेल तर एक पथ्य पाळा. पोराला कुत्रं चावलं की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, त्याच दिवशी लस सुरू केली, डॉक्टरांनी सांगितल्यास जखमेत सीरम टोचून घेतलं आणि पुढच्या सुया चुकवल्या नाहीत, तर पोर वाचतं आणि इतक्या निगुतीने विणलेली साखळी ऐन शेवटच्या कडीला तुटते. त्यापेक्षा चुना लावा, मिरची भरा, मांत्रिकाकडे न्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग कोणाचंच काही चालत नाही.

(कुत्र्यांमागे गावात शिरणाऱ्या बिबट्याचं खापरही तुमच्यावरच फोडतील, पण तिथे मी तुमच्या बाजूने उभा आहे. अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, हे खरं. पण कुत्री नुसती मढ्यांवर वाढत नाहीत. उकिरडे, हॉटेलांचं खरकटं, कोंबडीच्या दुकानामागचा ढीग हे सगळं आपण गिधाडांच्या मदतीवाचून, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं आहे.)

मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाची डुंगरवाडी आहे. तिथल्या दोखम्यांत, म्हणजे वरून उघड्या गोल बुरुजांत, मृतांचे देह ठेवले की गिधाडं आपलं काम करायची, असा शेकडो वर्षांचा परिपाठ. पक्षी येईनासे झाल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. पावसाळ्यात सूर्यच नसतो. हे ऐकून वाईट वाटलं तर हळहळा. हळहळीने कोणाचं काही बिघडत नाही.

हिशेब करणारे मात्र जपून ठेवा. २०२४ साली ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे ती फारशी कधी नव्हतीच, अशा जिल्ह्यांतले मृत्यू शेजारी शेजारी मांडले. गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलेलं निघालं. २००० ते २००५ या काळात मिळून सुमारे पाच लाख माणसं जादा गेली. आकडा वाचून दचकू नका, उलट त्यातली तुमच्या सोयीची बाजू बघा. या पाच लाखांतल्या एकाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर ‘गिधाड’ असं लिहिलेलं नाही. कोणाला जुलाब झाले, कोणाला ताप आला, कोणाला कुत्रं चावलं. बैल एका गावचा, गिधाड दुसऱ्या तालुक्यातलं, विहीर तिसऱ्याच्या रानातली आणि पोर चौथ्याचं. इतकी हात बदललेली उधारी वसूल करायला कोण येणार? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा आरोप उगाच गिधाडावर. स्वस्त बाटलीत वाचलेले पैसे तुमच्याच खिशात आहेत.

काही माणसं या कामात मोडता घालतात, त्यांच्यापासून सावध राहा. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास करून पिल्लं वाढवतात. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला लोक घरट्यांची राखण करतात, आणि नाशिककडे हरसूलच्या बाजूला खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी खाणावळच काढली. माणसांच्या खाणावळीत कोण काय तपासतं, आणि इथे मढ्यात औषध आहे का ते तपासायच्या गोष्टी चालतात! असल्यांना ‘आधी माणसांचं बघा’ एवढं म्हटलं की पुरतं. आपण इतका वेळ माणसांबद्दलच बोलत होतो, हे त्यांना सांगू नका.

राहता राहिली सरकारी बंदी. तिचं फार मनावर घेऊ नका, ती नेहमी एक बाटली मागे असते. २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं, तेव्हा माणसांसाठीची ३० मिलीची कुपी होतीच. माणसाला तीन मिली लागतं, मग बाकीचं सत्तावीस कोणासाठी, हा प्रश्न नऊ वर्षं कोणी विचारला नाही. २०१५ साली मोठ्या कुप्या गेल्या, तर ॲसेक्लोफिनॅक होतं. ते गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, फक्त नाव बदलून जातं. २०२३ साली जनावरांसाठी तेही बंद झालं, सोबत किटोप्रोफेन हे दुसरं वेदनाशामकही, आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर निमेसुलाईड हे तिसरं. मेलोक्सिकॅम नावाचं एक औषध आहे, सूज उतरवतं आणि गिधाडाला काही करत नाही. ते चुकूनही मागू नका. पशुवैद्याकडे जायचाही खटाटोप नको, तो नेमकं तेच लिहून द्यायचा. सरळ काउंटरवर उभे राहा आणि म्हणा, ‘बैलाला लगेच लागू पडेल असं काहीतरी द्या.’ यादीत अजून न आलेलं काहीतरी मागच्या फळीवर असतंच. बिल मागू नका.