मतदाराच्या माथी कशाला?

‘नेपाळी जनतेला अजून लोकशाहीची सवय नाही, म्हणून सरकारं टिकत नाहीत’ हे लेखातलं वाक्य खटकलं. २०१७ मध्ये याच जनतेनं डाव्या आघाडीला संसदेत २७५ पैकी १७४ जागा दिल्या. आणखी काय द्यायचं? पंतप्रधानपदाच्या खुर्चीवरून या आघाडीचेच दोन नेते, ओली-प्रचंड, भिडले, २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ओलींनी संसदच बरखास्त केली. ती पुन्हा बसवली न्यायालयानं. अन् २०२२ मध्ये प्रचंड जेमतेम ३२ जागांवर पंतप्रधान झाले, तेही ओलींच्याच टेकूवर!

नागपुरात आमच्या लेआउटमधला नेपाळी चौकीदार त्या २०१७ च्या मतदानासाठी उसने पैसे घेऊन गोरखपूरमार्गे गावी गेला होता. परतल्यावर शाईचं बोट साऱ्यांना दाखवायचा. सवय नेत्यांनाच नाही.