गुडघा बदलण्याआधी गोणी सुटलीय का, ते ठरवा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पंचवीस-तीस वर्षं गोणी वाहिली की गुडघे पन्नाशीतच कुरकुरायला लागतात. मग कोपरखैरणे-घणसोलीत घरोघरी तीच चर्चा. कोणी म्हणतं, "ग्रीस संपलंय, बदलून टाका." कोणी म्हणतं, "चाकू लावू देऊ नका, अमक्याचे दाजी कायमचे बसले." दोन्ही सल्ले फुकटचे आणि दोन्ही अर्धवट.

पायरी उतरताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण साडेतीन पट भार येतो. 65 किलोचा माणूस 50 किलोची गोणी घेऊन उतरला, तर हा भार 400 किलोच्या घरात जातो. झिजते ती बहुतेक आतल्या बाजूची गादी, म्हणून पाय फेंगडे होतात. एक्स-रे उभं राहूनच काढून घ्या. झोपवून काढला तर दोन हाडांमधली नसलेली फटही शाबूत दिसते. एमआरआयची बहुतेकांना गरज नसते.

माझं मत स्पष्ट आहे: पुन्हा गोणी उचलता यावी म्हणून गुडघा बदलू नये. मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीवर धातूची तबकडी, मधे प्लास्टिकची चकती, आणि सगळं बोन सिमेंटने बसवलेलं. ओझ्याने चकती घासते, सिमेंटची पकड सुटते. दहातले आठ गुडघे 25 वर्षं टिकतात हे खरं, पण त्यातले बहुतेक साठी-सत्तरीतल्यांचे. एका ब्रिटिश अभ्यासात सत्तरीपुढे बदललेला गुडघा आयुष्यात पुन्हा उघडावा लागण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आसपास निघाली, पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत मात्र 35 टक्क्यांपर्यंत. दुसऱ्या वेळी हाड कमी उरलेलं असतं, भाग मोठे लागतात. 2017 मध्ये सरकारने किमतींवर मर्यादा घातली तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोम गुडघ्याला 54,720 आणि दुसऱ्यांदाच्या गुडघ्याला 1,13,950 रुपये ठरले होते, जीएसटी वेगळा.

म्हणून डॉक्टरच्या आधी मुकादमाशी बोला. टोळीत हलकं काम मिळेल का? नाही तर माथाडी मंडळातली पीएफ-ग्रॅच्युइटी किती जमलीय?

काम सोडणं शक्यच नसेल, वय पन्नाशीच्या आसपास असेल आणि फक्त आतली बाजू गेली असेल, तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करायच्या ऑपरेशनबद्दल स्वतःहून विचारा. गुडघा स्वतःचाच राहतो, भार बाहेरच्या चांगल्या बाजूवर जातो, प्लेट बसते, हाड जुळायला तीनेक महिने. कष्टाच्या माणसाला हा रस्ता जास्त सोयीचा, पण याचं नाव क्वचितच निघतं. दुर्बिणीने झिजलेला गुडघा "धुऊन" घेण्यात मात्र पैसे घालू नका.

कुठल्याही ऑपरेशनआधी तीन महिने इमानदारीने व्यायाम. पाय सरळ ठेवून वीतभर उचला, दहा आकडे मोजा, खाली ठेवा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे चार किलो कमी होतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ऑपरेशन तीन महिने लांबवा, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पण वाट बघण्यालाही किंमत आहे. रात्री दुखण्याने जाग येते, तुर्भे स्टेशनचा जिना एकेक पायरी थांबत चढावा लागतो, पाय पूर्ण सरळ होतच नाही, मांडी बारीक दिसायला लागलीय. काम सुटलेल्या माणसाने एवढं झाल्यावर थांबू नये. आखडलेला गुडघा नंतर तितका मोकळा होत नाही.

तारीख घेण्याआधी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) साडेसात टक्क्यांच्या आत आणा, किडलेल्या दातांवर उपचार करून घ्या, विडी-तंबाखू किमान महिनाभर बंद. घरात आणि गावीही कमोड बसवा, कारण उकिडवं बसणं संपलं. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याने काही आठवडे खाली झोपायची सोय करावी.

आणि घरच्यांनी एक चूक टाळावी. ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून गुडघ्याखाली मऊ उशी सारतात. बरं वाटतं, पण पाय वाकलेलाच राहायची सवय लागते आणि माणूस लंगडत राहतो. उशी टाचेखाली ठेवा, गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. ओरडले तरी दहा मिनिटं काढू नका.