कॅमेऱ्याच्या दाखल्यातून मी गाळलेली माणसं

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. रागावून लिहिलीत तेही बरंच झालं, 'छान लेख'वर उत्तर तरी काय देणार?

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: मी लिहिलं होतं की १८३९ मध्ये कॅमेरा आला तरी चित्रकला टिकली, तशी ती एआयनंतरही टिकेल. तुमचं म्हणणं, कॅमेऱ्याने कुणाची चित्रं गिळली नव्हती, त्यामुळे तुलनाच फसवी. शिवाय ही यंत्रं चोरलेले तुकडे चिकटवतात, आणि ती वापरणारा कलाकार नव्हेच.

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. लायन-५बी या संचात सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे वर्णनांसकट गोळा केलेले होते आणि स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय त्याच संचातल्या चित्रांवर शिकलं. ती काढणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

तुकड्यांचं मात्र तसं नाही. शिकवताना चित्रावर थोडे थोडे ठिपके चढवतात, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे, आणि ते ओळखून काढायला यंत्राला लावतात. पुढे ते नुसत्या मुंग्यांतूनही चित्र उभं करतं. शिकून तयार झालेल्या यंत्राच्या काही जीबींच्या फाइलमध्ये एवढी चित्रं मावणारच नाहीत. संचात पुन्हा पुन्हा आलेलं चित्र कधी कधी जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं, हे खरं. पण 'कोलाज' म्हटलं की समोरचा तांत्रिक चूक दाखवून मोकळा होतो आणि परवानगीचा प्रश्न तसाच राहतो.

आता माझी खरी चूक, जी तुम्ही पकडली नाहीत. चित्रकला टिकली हे मी लिहिलं, चित्रकारांचं काय झालं ते लिहिलंच नाही. युरोपात हस्तिदंताच्या पातळ तुकड्यावर तळहातात मावतील अशी व्यक्तिचित्रं रंगवणारे होते. फोटो आले आणि काही दशकांत त्यांचा धंदा बसला. कुणी स्वतःच कॅमेरा घेतला, कुणी फोटोंवर हाताने रंग भरू लागलं. फोटोमुळे चित्रकलेला नव्या वाटा फुटल्या, असं सांगताना ही माणसं सोयीस्कर गाळली जातात. मीही गाळली.

आज त्या जागी आहेत मुखपृष्ठाचे कच्चे आराखडे, गेमच्या पार्श्वभूमी, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड करणारे. या कामांना कुणी थोर कला म्हणत नाही, पण हात बसतो तो तिथेच.

परवा मी यंत्राला दिव्याशेजारी शिवत बसलेली बाई काढायला सांगितली. पहिल्या नजरेत झकास. मग दिसलं की दिवा डावीकडे आणि नाकाची सावलीही डावीकडेच. सुईतला दोरा बाहीत शिरून झालर होऊन बाहेर आलेला. दिवा उजवीकडे ने म्हटलं, तर दिवाच गेला, सावली होती तिथेच आणि बाई भलतीच कुणीतरी. (हवा तेवढाच भाग बदलायची सोय आता आहे. पण काय बदलायचं ते आधी दिसायला हवं ना!) मला ते दिसलं, कारण उमेदवारीच्या काळात असल्या सावल्या चुकवून मी गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली आहेत. ती हलकीसलकी कामंच यंत्राकडे गेली, तर पुढच्या पोरांनी बोलणी कुठे खायची? याचं उत्तर मला सुचत नाही, आणि मूळ लेख वाचून ते सुचल्यासारखं वाटतं.

शेवटच्या मुद्द्यावर आपलं जमणार नाही. हॅरल्ड कोहेन हे मुळात चित्रकार. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते 'आरोन' हा प्रोग्राम घडवत होते. चित्र कसं रचायचं याचे नियम त्यांनीच लिहिले, दुसऱ्यांची चित्रं त्यात ओतली नाहीत. बरीच वर्षं रेषा यंत्राची आणि रंग त्यांच्या हातचे, अशी चित्रं झाली. त्यांना कलाकार नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट, २०२२ मध्ये कोलोराडोतल्या जत्रेत बक्षीस मिळवलेलं, मिडजर्नी या एआयकडून काढून घेतलेलं चित्र घ्या. ६२४ वेळा तरी प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, दिले, असं ते करणाऱ्याचं म्हणणं, तरीही अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये त्याची नोंदणी नाकारली. मला तो निर्णय पटतो. आपण दोघं एवढ्यापुरते तरी एका बाजूला आहोत.

कॅमेऱ्याचा परिच्छेद आज बदलतोय, जुना खाली तसाच ठेवतो. आणि हो, चित्रं नेटवर टाकण्याआधी ती ग्लेझमधून (एआयला शैली उचलता येऊ नये म्हणून चित्रात बारीक बदल करणारं सॉफ्टवेअर) काढता असं तुम्ही लिहिलंय. सपाट, फिकट रंगांवर त्याचे डाग तुमच्याकडेही दिसतात का? माझ्या पांढऱ्या भिंती पार मळकट झाल्या.