नवीन ऑफिस काढताय? मग लाइटचं बघा की ओ

नवीन ऑफिस काढताय म्हणे, मग लाइटच्या बाबतीत त्या इंटेरियरवाल्याचं काय ऐकू नका, माझं ऐका. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या ऑफिसात अकरा वर्षं मान मोडून बसलोय, चष्म्याचा नंबर तीनदा बदललाय, एवढी डिग्री पुरे झाली.

पहिलं म्हणजे नवी पेठेत जाऊन दुकानदाराला एकच विचारायचं, सगळ्यात स्वस्त ट्यूब कुठली. लुमेन म्हणजे उजेड किती, केल्विन म्हणजे उजेडाचा रंग कसा, असलं काय बोलायचं नाही, शिकलेलं गिऱ्हाईक दिसलं की तो दर वाढवतो. पांढरीफट्ट 6500 केल्विनची उचलायची. 4000 ची जरा मऊ असते, दिवसभर बसायला बरी पडते म्हणतात, पण स्टाफला बरं वाटावं म्हणून पगार देतोय का आपण?

स्वस्त ट्यूबचा अजून एक फायदा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, भंगार असला की ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण चार वाजले की डोकं ठणकायला लागतं आणि मग माणूस आपोआप चहा मागतो. आमच्या अकाउंटवाल्या मॅडमनी मोबाइलचा कॅमेरा ट्यूबवर धरून स्क्रीनवरचे ते सरकणारे काळे पट्टे मालकांना दाखवले. मालक म्हणाले, मोबाइल बदला.

ट्यूब लावायची कुठं? बरोबर खुर्चीच्या मागं, म्हणजे स्क्रीनवर तिचा पांढरा दांडका दिसला पाहिजे, त्यातून टॅलीत 8 आहे का 3 हे अंदाजानं ओळखायचं. टेबलाला चकाकणारा सनमायका टाका, उरलासुरला उजेड खालून डोळ्यात जातो. आणि एक लाइट पंख्याच्या वर छताला पाहिजेच, पातं फिरलं की सगळ्या बिलांवर सावली थयथय नाचते. टेबलावर 500 लक्स तरी उजेड पाहिजे असं कुठंतरी वाचून आमच्यातल्या एकानं अ‍ॅप टाकून मोजलं तर 140 आले, त्याला सांगितलं, पंखा बंद करून मोज की. मे महिन्यात, 43 डिग्रीत.

खिडकी असेल तर तिला काळी फिल्म चिकटवून टाका. बाहेर डांबर वितळायला आलेलं असतं आणि आत भर दुपारी बारा वाजता सहा ट्यूबा जळत असतात, सोलापुरात राहून उजेड विकत घ्यायची मजा काय औरच.

आता सीआरआय. उजेडात रंग किती खरा दिसतो त्याचा तो आकडा, 100 पैकी, रंगाचं काम असेल तर 90 च्या वर पाहिजे. आपण बघायचाच नाही. आमच्याकडं एक बायर वाइन कलरचा स्वॉच, म्हणजे कापडाचा नमुना, पाठवून गेला, आम्ही ट्यूबखाली टॉवेल शेजारी धरला, मालकांनी धरला, डाइंगवाल्या मामांनी धरला, अगदी सख्खे भाऊ. मामा म्हणाले, बाहेर उन्हात बघू या ओ एकदा. पण उन्हात कोण जातंय? शेड बघायची लाइटपेटी होती तशी, त्यात दिवसाउजेडासारखी डी65 ची ट्यूब असते, पण तिचा स्विच कधीच गेलेला आणि आत आमचे जेवणाचे डबे ठेवायची सोय झालेली. माल गेला. तिकडं त्यांनी खिडकीत धरून बघितला आणि अख्खा लॉट परत.

मालकांनी त्या वर्षी दिवाळीला बोनसऐवजी सगळ्यांना चार-चार टॉवेल दिले. माझे अजून आहेत. बाथरूममध्ये वाइन दिसतात, गच्चीवर वाळत घातले की मरून.