अनारसे आणि निळं पाणी

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: सरकारी नोकरांची सक्तीनं ड्रग टेस्ट करावी की नाही. काडी टाकली हिंजवडीतल्या चुलतभावानं. सातबाऱ्यावरच्या फेरफारासाठी तलाठ्यानं त्याला चार खेपा घालायला लावल्या, त्याचा तो राग. "सगळ्यांची लघवी तपासा. अमेरिकेत तपासतातच!" जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले दाजी उसळले, "आधी आमदार-खासदारांची तपासा, मग आमच्याकडं या." आणि मग दोघांनी मलाच साक्षीला ओढलं. अमेरिकेतला ना मी.

"अमेरिकेत तपासतातच" हे वाचलं की माझं डोकं फिरतं. अमेरिकेत काय होतं ते पाहायला अठरा तासांचा प्रवास करून यायचं नाही, पण दाखला मात्र द्यायचा.

इथली गोष्ट अशी आहे. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी संवेदनशील पदांवरच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा आदेश काढला. पुढच्याच जानेवारीत मेरीलँडमधल्या चेसजवळ कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीची इंजिनं सिग्नल ओलांडून ॲमट्रॅकच्या प्रवासी गाडीच्या वाटेत आली. सोळा माणसं गेली. इंजिनवरच्या दोघांनी गांजा ओढला होता. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वे कामगारांच्या चाचणीला मान्यता दिली. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, त्याच्यावर वैयक्तिक संशय नसला तरी तपासा, असा त्याचा मथितार्थ.

पण जॉर्जिया राज्यानं निवडणुकीच्या उमेदवारांना ड्रग टेस्ट सक्तीची केली, तेव्हा १९९७ मध्ये त्याच न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं तो कायदा उडवला. नुसतं 'आम्ही स्वच्छ' असं मिरवण्यासाठी कुणाच्या शरीरात डोकवता येत नाही. २०११ मध्ये फ्लोरिडाच्या गव्हर्नरनी राज्याच्या सरसकट कर्मचाऱ्यांवर चाचणी लादू पाहिली, तीही न्यायालयात टिकली नाही. म्हणजे दाजींचा आमदार अमेरिकेत सुटला आणि चुलतभावाचा तलाठीही सुटला.

अडकलो तो मी. न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक बस सेवेच्या कंट्रोल रूममध्ये मी डिस्पॅचर आहे, म्हणजे कुठली बस कधी सोडायची ते बघणारा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं (शेवटचं वाक्य सोडून). उत्तरादाखल एक अंगठा आला. आत्याचा. ती प्रत्येक गोष्टीला अंगठा देते.

दाजी मग पंजाबवर आले. जुलै २०१८ मध्ये तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंगांनी पोलिसांसकट सगळ्या सरकारी कर्मचाऱ्यांना डोप टेस्ट सक्तीची करायचं ठरवलं. कर्मचारी संघटना म्हणाल्या, आधी मंत्र्यांची करा. मग काही आमदार-मंत्री स्वतःहून सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन आले, फोटो छापून आले. लोकप्रतिनिधींना सक्ती नाही, ज्याच्या-त्याच्या सदसद्विवेकावर सोडलंय, असं मुख्यमंत्र्यांनी सांगून टाकलं. हेरॉइननं घरं उद्ध्वस्त होत होती आणि चर्चा कुणाची, तर नमुन्याची बाटली हातात धरलेल्या मंत्र्याची. आपल्याकडं हे असंच होतं, असं मी लिहिणार होतो. पुसलं. जॉर्जियाही आपल्याकडंच कुठंतरी आहे म्हणायचं.

गंमत म्हणजे योग्य ते काम भारतात गाजावाजा न करता सुरू आहेच. ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी वर्षाला किमान दहा टक्क्यांची अचानक ड्रग टेस्ट होते. जीव त्यांच्या हातात असतो. तलाठ्याच्या हातात सातबारा असतो. त्याच्या लघवीत फेरफाराची नोंद सापडायची नाही. त्याला तपासायचं तर त्याचं टेबल तपासा, खण उघडा.

आमच्याकडं चाचणीसाठी कॉम्प्युटर नाव काढतो. वर्षभरात माणसांच्या निम्म्या संख्येइतक्या चाचण्या व्हायलाच हव्यात, त्यामुळं एखाद्याचं नाव तीनदा निघतं आणि एखादा दोन-दोन वर्षं सुटतो. सुपरवायझर खांद्याला हात लावतो, की तसंच उठायचं. खिसे रिकामे करायचे, हात धुवायचे. मग आतला नळ बंद, संडासातलं पाणी निळं केलेलं, कुणी कपात ते मिसळू नये म्हणून. पंचेचाळीस मिलिलिटर. कपावरच्या पट्टीवर तापमान नव्वद ते शंभर फॅरनहाइटच्या मध्ये दिसलं पाहिजे.

पहिल्या वेळी मला झालीच नाही. मग नियमाप्रमाणं चाळीस औंसांपर्यंत पाणी आणि तीन तास. दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पन्नाशीचा मी घुटके घेत बसलो होतो. समोरची पोरगी अधूनमधून विचारायची, "एनी लक?" ज्या रूटवर मी बस सोडतो, त्यावर गांजाचं कायदेशीर दुकान आहे. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही.

त्या खुर्चीवर मला आबा आठवले. आबा एसटीत ड्रायव्हर. नववीत असताना एकदा डबा द्यायला डेपोत गेलो, तर कंट्रोलरनं आबांच्या तोंडाजवळ नाक नेलं होतं आणि म्हणत होता, "हं करा." आबांनी हं केलं. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. डबा घेतला, काही बोलले नाहीत. आबा माळकरी होते.

ग्रुपवर मी अजून 'ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट'मध्ये आहे. २००९ च्या मंदीत आयटीतली नोकरी गेली आणि सहा महिन्यांनी ही धरली, हे फक्त बायकोला माहीत आहे. एसटीच्या ड्रायव्हरचा पोरगा अमेरिकेत जाऊन बसगाड्याच सोडतो, असं दाजी हसत सांगतील, ते मला आत्तापासूनच ऐकू येतं. म्हणूनच कदाचित मी जॉर्जियाबद्दल इतकं लांबलचक लिहिलं.

दिवाळीला आई अनारसे पाठवते. खसखशीनं अफूची खूण लघवीत उतरते. अमेरिकी केंद्र सरकारच्या चाचणीत पूर्वी मिलिलिटरमागे तीनशे नॅनोग्रॅमलाच माणूस अडकायचा, १९९८ मध्ये मर्यादा दोन हजारांवर नेली, तरी २०२३ च्या फेब्रुवारीत पेंटॅगॉननं सैनिकांना खसखस टाळायलाच सांगितलं. दोन-चार अनारशांनी माझं काही होणार नाही, हे हिशेबानं मला कळतं. तरी डबा फ्रीझरमध्येच जातो.

काल व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, "खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळलेत या वेळी. जाळी पडलीय का बघितलंस?"

"एक नंबर पडलीय," मी म्हटलं.