घावनाचं पीठ काढायचं नाही! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

'जांभ्याच्या भिंतीला घरी केलेला सिलिकेट रंग' हा माझा मागचा लेख. पोटॅशियम सिलिकेटच्या पाण्यात खनिजांची पूड कालवून केलेला हा रंग; डबा एकवीस दिवस ठेवून पूड तळाला कशी बसते ते मी पाहिलं होतं आणि घावनाच्या पिठाच्या दाखल्याने सांगितलं होतं. त्या लेखाखाली 'कोलॉइड' (म्हणजे द्रवात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) हे नाव घेतलेल्या एका वाचकांनी रात्री पावणेएक वाजता प्रतिक्रिया टाकली आहे. खाली जाऊन शोधायला नको म्हणून जशीच्या तशी देतो:

"काका, घावनाच्या पिठाचे दाखले देऊन कोलॉइडशास्त्र शिकवता येत नाही. लेखात कणाचा आकार १० मिलिमीटर लिहिलाय. पोटॅशियम सिलिकेटमध्ये खडूची पूड घालायला सांगता, पण कोणता खडू ते सांगत नाही. कॅल्शियम सुटलं तर डबा आळतो. एकवीस दिवस ठेवून रंगाला टिकाऊ म्हणणं घाईचं आहे. साका बसतोच आहे तर थोडी फ्यूम्ड सिलिका का घालत नाही? आणि तो डबा आज उघडून फोटो टाका."

आधी मिलिमीटरचं. तुमचं बरोबर, माझं चुकलं. तिथे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हवं होतं. फोनवर टाइप करताना बोट घसरलं. १० मिलिमीटरला आमच्या देवगडात खडी म्हणतात, ती भिंतीला लावत नाहीत हे मला ठाऊक आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मान्य करायची, ही माझी पद्धत आहे. सगळ्यांची नसते.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येतो. 'काका' म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला काकांना शाळेत बसवायचं, ही रीत मला नवीन आहे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तुमचं वय मला माहीत नाही, पण घावन तुम्ही ताटात आल्यावरच पाहिलं असावं असं वाटतं. पिठाच्या टोपाजवळ कधी उभे राहिला असता तर हे वाक्य लिहिलं नसतं.

आमच्याकडे घावनाला नुसते तांदूळ. भिजवायचे, वाटायचे, पाणी घालून ताकासारखं पातळ करायचं. ते पीठ पाच मिनिटं ठेवलं की वर पाणी आणि खाली पांढरा थर. म्हणून बायको प्रत्येक घावनाच्या आधी डाव तळापर्यंत घालून ढवळते. न ढवळता वरचं वरचं घेतलं तर पहिली घावनं कागदासारखी फाटतात आणि शेवटची तव्यावरून सुटत नाहीत. आता आंबोळी घ्या. तांदूळ तेच, पाणी तेच, पाटा तोच (बरं, मिक्सर). फक्त उडीद जास्तीचे. ते पीठ रात्रभर राहतं आणि सकाळी तळाला काही नसतं. का? उडदाच्या चिकट द्रवाने पाणीच बदलून टाकलेलं असतं. तांदळाचा कण जड तो जडच राहिला, त्याला खाली जायची वाट मिळेना.

रंगाच्या डब्यात झँथन गम (पाणी दाट करणारा गोंद) नेमकं हेच करतो. शेकडा ०.१ ते ०.३ एवढाच लागतो. डबा स्थिर असला की पाण्यात जाळं धरतो, ब्रश फिरला की जाळं सुटतं आणि रंग सरसर पसरतो. सिलिकेटचा पीएच ११ च्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली, तिथे पुष्कळ गोंद मान टाकतात, हा तग धरतो. याला उडीद म्हटलं तर शास्त्राचा कोणता अपमान झाला? रंगकाम करणाऱ्या माणसाला 'यील्ड स्ट्रेस' (जाळं मोडून रंग वाहता व्हायला लागणारा जोर) म्हणून सांगा आणि 'आंबोळीच्या पिठासारखं' म्हणून सांगा. कोणत्या सांगण्यावर तो डबा नीट करतो ते बघा.

आकडेच हवे असतील तर आकडेही आहेत. गारगोटीच्या पुडीचा १० मायक्रॉनचा कण साध्या पाण्यात तासाला तीसेक सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे वीतभर उंचीच्या डब्यात पाऊण तासात सगळं तळाला. एक मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम तीन मिलिमीटर जातो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी, हा स्टोक्सचा नियम. म्हणून पूड वस्त्रगाळ हवी असं मी लिहिलं होतं. तेही तुम्हाला स्वयंपाकघरातलं वाटलं असेल.

पण बारीक पूड घेतली म्हणजे काम झालं असं नाही, आणि इथे मला तुमच्यापेक्षा आमची खाडी जास्त शिकवून गेली आहे. जुलैत वाघोटनच्या खाडीतून लाल पाणी वाहत येतं. गोड्या पाण्यात ती माती दिवसचे दिवस तरंगते. खाऱ्या पाण्याला भेटली की तिचे पुंजके होतात आणि गाळ धरतो. मातीच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ढकलतात. मीठ आलं की त्या ढकलण्याचा पल्ला तोकडा होतो आणि कण चिकटतात. आता पोटॅशियम सिलिकेट म्हणजे काय? क्षारांचं दाट पाणीच. आपण भरणीची (रंगात भर म्हणून घालायची) पूड जणू समुद्रातच टाकतो. नुसत्या विद्युतभाराच्या जोरावर कण वेगळे ठेवणारी डिस्पर्संट इथे लंगडी पडतात ती यामुळे. म्हणून पूड आधी साध्या, मऊ पाण्यात गम आणि डिस्पर्संटसकट नीट भिजवून घोटून घ्यायची आणि सिलिकेट सगळ्यात शेवटी, बारीक धारेने, मंद ढवळत. उलटं केलंत, म्हणजे सिलिकेटमध्ये कोरडी पूड टाकलीत, तर गुठळ्या होतात आणि त्या देवालाही फुटत नाहीत. पाणी खाऱ्या विहिरीचं नको, बोअरचं जड पाणीही नको. पावसाचं धरून ठेवलेलं सगळ्यात उत्तम.

आणि 'साका बसतोच आहे' म्हणून तुम्ही जे नाक मुरडलंत, त्याबद्दल एक सांगतो. साका दोन जातींचा असतो. कण अगदी सुटे सुटे राहिले तर ते सावकाश बसतात, पण बसताना एकमेकांच्या फटीत घुसून असा चिरा तयार करतात की पहारच हवी. कण सैलसर पुंजक्यांनी बसले तर साका लवकर दिसतो, फुगीर असतो आणि काठीने चार वेळा फिरवला की उठतो. माझ्या डब्यात एकविसाव्या दिवशी दुसऱ्या जातीचा साका होता. रंगवाला दुसरा पत्करतो. बाटलीकडे बघून निकाल देणारा पहिला पत्करतो.

आता, मी हे कुठे शिकलो ते सांगायची वेळ तुम्हीच आणलीत. एकोणतीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात काढली, त्यातली बावीस मिक्सरजवळ. १९९४ साली आमच्याकडे एका नव्या, चांगल्या शिकलेल्या साहेबांनी सिलिकेटच्या घाण्यात पांढरेपणा वाढावा म्हणून झिंक ऑक्साईड घालायला लावलं. मी म्हटलं, नको, ते सिलिकेटशी लागतं. साहेब म्हणाले, पुस्तकात बघून सांगतोय. संध्याकाळी घाणा लोण्यासारखा, सकाळी दगड. दोन दिवस चार माणसं छिन्नी-हातोडा घेऊन टाकी फोडत होती आणि त्यातला एक मी होतो. साहेबांची बदली झाली, माझ्या उजव्या मनगटाची झाली नाही. तेव्हा कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम ही मंडळी सिलिकेटच्या डब्यात काय दंगा करतात हे मला रात्री पावणेएकला कुणी शिकवायची गरज नाही.

खडूचा मुद्दा यात आला असं मी धरतो. सिलिकेट रंगात कॅल्साइटची पूड परदेशी कारखानेही वापरतात; त्या तीव्र अल्कलीत ती फारशी विरघळत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्सम मात्र चुकूनही नको, त्यातलं कॅल्शियम सुटतं. शंखजिरं, गारगोटी, अभ्रक ही निवांत माणसं. कोणता खडू म्हणाल, तर मी बाजारातला सुटा आणला होता. पुढे.

फ्यूम्ड सिलिकाची (द्रव दाट करायला घालतात ती भुरभुरीत पूड) तुमची सूचना मात्र मी हसत हसत वाचली. कोलॉइड नाव घेतलेल्या माणसाने ही करावी? ती सिलिका स्फटिकाची नसते, तिचा कण अतिसूक्ष्म, आणि अशा अल्कलीत ती हळूहळू विरघळते. विरघळली की सिलिकेटमधलं सिलिका आणि पोटॅशचं प्रमाणच सरकतं आणि डबा आळायच्या वाटेला लागतो. मी हा उद्योग भाताच्या तुसाच्या राखेवर करून पाहिला आहे, कारण ती आमच्याकडे फुकट मिळते आणि बेताच्या आचेवर जाळलेल्या राखेतली सिलिका तशीच असते. पाचव्या दिवशी बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. त्याच आठवड्यात बायकोचा ॲल्युमिनियमचा टोपही मी वापरला होता, सिलिकेटने त्याला बुडबुडे आणले आणि तळ खाल्ला. तो विषय घरात अजून मिटलेला नाही, इथे वाढवत नाही.

एकवीस दिवसांचं म्हणाल, तर आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी जर्मनीत १८७८ साली या रंगाचं पेटंट घेतलं तेव्हा पूड वेगळी आणि सिलिकेट वेगळं असंच यायचं, दोन्ही कालवूनच लावायचं. एकाच डब्यातला तयार रंग यायला १९६० चं दशक उजाडलं, तोही थोडं ॲक्रिलिक घालून. जर्मन मानक डीआयएन १८३६३ अशा सेंद्रिय पदार्थाला (ॲक्रिलिक त्यातलंच) शेकडा ५ पर्यंत मुभा देतं. म्हणजे त्यांना ऐंशी वर्षं लागली. मी देवगड तालुक्यात पडवीत बसून, पेन्शनवर, एकवीस दिवसांत जे केलं त्याला 'घाईचं' म्हणायला तुमचं काय जातं? 'टिकाऊ' हा शब्द मी भिंतीवरच्या रंगाबद्दल वापरला होता, डब्यातल्या नाही. लेख नीट वाचला असता तर कळलं असतं. (एका ठिकाणी डब्याबद्दलही आहे. ते वाक्य संदर्भाने वाचावं.)

भिंत बघायची असेल तर जरूर या. पश्चिमेची, समुद्राकडची, दोन पावसाळे खाल्लेली. त्यावर पोपडा नाही, बुरशी एका कोपऱ्यात आहे ती पन्हळ गळते म्हणून. आमचा शेजारी रोज जाता-येता विचारायचा, "काका, रंग ढवळीतच बसतलास काय भिंतीक लावतलास?" आता तोच आपल्या गोठ्यासाठी रंग मागायला येतो. त्याने मला कधी कोलॉइडशास्त्र विचारलं नाही.

राहिला डब्याचा फोटो. तुमच्या प्रतिक्रियेनंतर काल सकाळी मी पडवीतून तो डबा काढला. झाकण घट्ट बसलं आहे. सिलिकेटचा ओघळ कडेला वाळला की काचेसारखा धरतो, हे कुणीही सांगेल, त्याचा आतल्या मालाशी संबंध नाही. हलवून पाहिला तेव्हा आतून आवाज आला नाही, पण तो डबा काठोकाठ भरलेला होता. झाकण उचकटायला घेतलं तर बायको म्हणाली, पितृपक्ष संपेपर्यंत पडवीत रंगाचा पसारा नको. तेव्हा दसऱ्याला बघू.